रूप पालटणारें खेळणें व त्याची पारख

गौरीगणपतीच्या दिवसांत पेण-रोह्याकडील घरांतून मुंबईपुण्याची मंडळी येतात, आणि त्यांच्या पिशव्यांतून मुलांसाठीं खाऊबरोबर खेळणींहि येतात. गेल्या कांहीं वर्षांत या खेळण्यांत एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. प्रथमदर्शनीं तो एक सिंह, वानर अगर प्रचंड सरडा असतो. परंतु त्याची शेपटी दुभंगली, मान मागें वळविली आणि छातीवरील दोन झडपा उघडल्या, कीं त्याच प्राण्याच्या अंगांतून चिलखत घातलेला एक यंत्रपुरुष उभा राहतो. कोणत्याहि कारखान्याचा असला, तरी मुलें त्याला सरसकट 'ट्रान्सफॉर्मर' म्हणतात.

या खेळण्याविषयीं घरांतील वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हें परदेशी खूळ आपल्या घरांत कशाला?" दुसरा म्हणतो, "मुलांना हवें तें द्यावें. त्यांतलें आपल्याला काय कळतें?" दोन्ही पक्षांत एक गोष्ट मात्र समान असते: खेळणें हातांत घेऊन कोणीच पाहत नाहीं. आंबा घेतांना आपण देठाशीं हुंगून पाहतों, साडी घेतांना पोत चिमटींत धरून पाहतों, भांडें घेतांना टिचकी मारून त्याचा नाद ऐकतों. खेळणें मात्र वेष्टणावरील चित्रावरून घेतों अथवा नाकारतों. ही रीति बरोबर नाहीं. ज्या वस्तूशीं मूल दिवसांतून दोनदोन तास बोलतें, तिची परीक्षा पंचांगाच्या किंवा तांदळाच्या परीक्षेहून कमी दक्षतेनें होऊं नये. ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हें खेळणें आलें कोठून?

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकामुळें जगभर पसरला; वेठीचें काम हा त्याच्या मूळ धातूचा अर्थ. रूप पालटणाऱ्या यंत्रपुरुषांचें माहेर मात्र जपान होय. तेथील टाकारा कंपनीनें १९८० सालीं 'डायाक्लोन' नांवाची खेळण्यांची मालिका काढली. तिच्यांतील व त्याच कंपनीच्या 'मायक्रोमॅन' या दुसऱ्या मालिकेंतील निवडक खेळणीं घेऊन अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें १९८४ सालीं तीं 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें विकावयास आणलीं. आरंभीं बहुतेक मोटारी व विमानेंच होतीं. १९८५ सालीं 'डायनोबॉट' म्हणून पांच प्राचीन प्राणी आले. त्यांचा म्होरक्या ग्रिमलॉक. हा टायरॅनोसॉरस नांवाचा मांसाहारी महासरट असून, त्याची शेपटी उलगडून यंत्रपुरुषाचे पाय होतात. पुढें १९९६ सालीं 'बीस्ट वॉर्स' ही मालिका निघाली. तींत मोटारींस रजा मिळून प्राण्यांसच प्राधान्य मिळालें. नायक ऑप्टिमस प्रायमल हा गोरिला, व त्याचा वैरी मेगाट्रॉन हा टायरॅनोसॉरस. २००६ सालीं टाकारा कंपनी टोमी या दुसऱ्या जपानी कंपनीशीं एकरूप झाली.

आपल्याकडे एम.आर.एफ. व हॅस्ब्रो यांच्या सहभागानें १९८७ सालीं 'फनस्कूल' ही कंपनी निघाली आणि तिचा कारखाना गोव्यांत उभा राहिला. तेव्हांपासून परदेशी घडणीचीं खेळणीं मध्यम स्थितींतील घरांच्या आटोक्यांत येऊं लागलीं. सारांश, हें खूळ कालपरवांचें नव्हे. आज ज्यांची मुलें या खेळण्यासाठीं हट्ट धरतात, त्यांतील कित्येक बाप स्वतः लहानपणीं दूरचित्रवाणीपुढें बसून हेच यंत्रपुरुष पाहत होते.

आपल्या परंपरेस हें परकें आहे काय?

ज्यांच्या देव्हाऱ्यांत गजमुख दैवत आहे, त्यांनीं प्राणी व मनुष्य यांच्या मिश्ररूपानें दचकण्याचें कारण नाहीं. नरसिंह हा पूर्ण सिंह नव्हे व पूर्ण मनुष्यहि नव्हे. त्या मधल्या रूपांतच त्याच्या अवताराचें सगळें प्रयोजन सांठविलेलें आहे. मारीच हा राक्षस सुवर्णमृग होतो, आणि बाण लागतांच पुन्हां राक्षस होऊन पडतो. पंचतंत्रांत एका विणकराचा सुतार मित्र त्याला कळ फिरवून उडणारा लांकडी गरुड करून देतो, व त्यावर बसून तो विणकर विष्णूचें सोंग घेतो. भोजराजाच्या समरांगणसूत्रधार या अकराव्या शतकांतील ग्रंथांत यंत्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत हलणाऱ्या बाहुल्यांचें व आकाशगामी लांकडी पक्ष्याचें वर्णन येतें.

मात्र येथें एक इशारा देणें अवश्य आहे. एवढ्यावरून 'हें सर्व आमच्याकडे होतेंच' असें म्हणून मिशांवर ताव देणें योग्य नव्हे. भोजराजानें स्वतःच सांगून ठेविलें आहे कीं, यंत्रांची जोडणी आपण मुद्दाम उघड करीत नाहीं. ती अज्ञानामुळें नव्हे, तर गुप्ततेसाठीं वगळली आहे. कारण कांहींहि असो, परिणाम असा झाला कीं वर्णन राहिलें आणि विद्या गेली. याच्या उलट, आपल्या समोरील खेळण्याचा पहिला गुण असा, कीं त्याची विद्या उघडी आहे. त्याची प्रत्येक बिजागरी, प्रत्येक खीळ, प्रत्येक खोबण मुलाच्या डोळ्यांपुढें आहे. सात वर्षांचें मूलहि थोड्या खटपटीनें जाणूं शकतें, कीं सिंहाची मान कोठें लपते आणि माणसाचें डोकें कोठून निघतें. ज्या चमत्काराची रीत मुलाच्या हातीं लागते तो चमत्कार मुलाला लहान करीत नाहीं, मोठें करतो.

या खेळण्याच्या मुळाशीं असलेल्या तत्त्वाचा सर्वांत सुंदर दाखला पतंजलीच्या महाभाष्यांत सांपडतो. शब्दाचा अर्थ द्रव्य कीं आकृति, या चर्चेंत तो सोन्याचें उदाहरण घेतो. सोन्याचा गोळा असतो. तो मोडून रुचक नांवाचा अलंकार करितात. तो मोडून कडीं, तीं मोडून स्वस्तिक, आणि मग पुन्हां सोन्याचा गोळा. आकृति एकामागून एक नाहींशा होतात. द्रव्य तें तेंच. व्याकरणाच्या वर्गांत हा दाखला समजावून देतांना फळ्यावर खडूनें कडीं व कुंडलें काढावीं लागत. हें खेळणें हातीं असतें, तर तो पाठ पांच मिनिटांत उरकला असता. पतंजलीचा हा दाखला वाचकांनीं लक्षांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं त्याचें पुन्हां काम पडणार आहे.

पांच कसोट्या

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं.

पहिली कसोटी: दोन्ही रूपें खरीं आहेत काय? पुष्कळ खेळण्यांत एक रूप साधण्यासाठीं दुसऱ्याचा बळी दिलेला असतो. यंत्रपुरुष ऐटदार उभा राहतो, पण प्राणी म्हणून पाहावें तर माणूस ओणवा होऊन पाठीवर सिंहाचा मुखवटा ठेवल्यासारखा दिसतो. प्राणी हा प्राणीच दिसला पाहिजे. त्याचे पाय त्या त्या जातीप्रमाणें वांकले पाहिजेत, आणि आधार न देतां तो उभा राहिला पाहिजे. या बाबतींत मुलाशीं थोडा शास्त्राचा संवादहि करतां येतो. १९८५ सालचा ग्रिमलॉक जुन्या चित्रांप्रमाणें ताठ उभा राहून शेपटी जमिनीवर टेकतो. परंतु टायरॅनोसॉरस आपलें धड आडवें तोलून व शेपटी अधांतरीं ठेवून चालत असे, असें आतां शास्त्रज्ञ मानतात; आणि अलीकडील कित्येक खेळणीं त्याप्रमाणें घडविलेलीं असतात. मूल विचारील, "हा प्राणी आपल्याकडे होता का?" त्याला सांगावें, कीं टायरॅनोसॉरस उत्तर अमेरिकेंतला, परंतु गुजरातेंत सांपडलेल्या हाडांवरून २००३ सालीं 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असें नांव दिलेला मांसाहारी महासरट आपल्याच देशांतला, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुऱ्यास त्या काळच्या प्रचंड शाकाहारी सरटांचीं हाडें मिळालीं आहेत. रायगड जिल्ह्यांतील काळा पाषाण हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, म्हणजे त्या प्राण्यांच्या अंतकाळाच्या सुमारास, थिजलेला लाव्हा होय. एका खेळण्यावरून अंगणांतील दगडापर्यंत गोष्ट येऊन पोंचली, तर त्याची अर्धी किंमत तेथेंच वसूल झाली.

दुसरी कसोटी: रूप पालटतांना कांहीं सुटें काढावें लागतें काय? हें लक्षण फार महत्त्वाचें आहे. उत्तम खेळण्यांत एकहि अवयव वेगळा न काढतां रूप बदलतें. जें सिंहाचें पोट तेंच पुरुषाची पाठ होतें. तलवार, ढाल असलें एखादें आयुध सुटें असल्यास हरकत नाहीं, परंतु त्यालाहि प्राणिरूपांत ठेवण्यास जागा असावी. हलक्या खेळण्यांत डोकेंच उपटून दुसरें बसवावें लागतें. त्यास रूपांतर म्हणतां येत नाहीं. ती केवळ सुट्या भागांची अदलाबदल झाली. शिवाय सुटा भाग चार दिवसांत कपाटाखालीं जातो, आणि मग उरतो तो बिनडोक्याचा वीर.

तिसरी कसोटी: परत येतां येतें काय? प्राण्याचा पुरुष करणें हें पुष्कळांस साधतें; पुरुषाचा पुन्हां प्राणी करतांना खरी परीक्षा होते. हल्लीं कांहीं खेळण्यांच्या वेष्टणावर रूपांतरास किती पायऱ्या लागतात तें छापलेलें असतें. पांचसहा वर्षांच्या मुलास सातआठ पायऱ्या पुरेत. नऊदहा वर्षांच्या मुलास वीसपंचवीस पायऱ्यांचें कोडें आवडतें. माझा नियम असा: पहिल्यांदा मोठ्या माणसाबरोबर, दुसऱ्यांदा कागद पाहून, आणि चौथ्यापांचव्या वेळीं कागदावांचून मुलाला दोन्ही वाटा चालतां आल्या, तर खेळणें त्याच्या वयाचें आहे. तेवढ्यानें आलें नाहीं, तर दोष मुलाचा नव्हे. निवड चुकली असें समजावें. शब्दरूपावली पाठ करणारा विद्यार्थी प्रथमेपासून सप्तमीपर्यंत जातो. पण मधलीच तृतीया विचारली असतां जो न अडखळतां सांगतो, त्यालाच रूपें आलीं असें म्हणतात. येथेंहि तोच न्याय लागू आहे.

चौथी कसोटी: सांधे व द्रव्य. अशा खेळण्यांत दोन तऱ्हेचे सांधे असतात. एक दाराच्या बिजागरीसारखा, दुसरा आपल्या खांद्यासारखा उखळीचा. बिजागरींतील खीळ धातूची असल्यास ती अधिक टिकते. उखळीचा सांधा जोरानें ओढला असतां सुटून यावा व पुन्हां दाबून बसावा. सुटण्याऐवजीं जो तुटतो तो वाईट. चांगल्या खेळण्यांचें अंग बहुधा ए.बी.एस. नांवाच्या कठीण व चिवट प्लास्टिकचें असतें. वाकविल्यावर ज्या ठिकाणीं पांढरी रेघ उमटते, तेथें तें पुढेंमागें तुटणार हें निश्चित समजावें. चकाकीस भुलूं नये. कित्येक जुन्या खेळण्यांत सोनेरी कण मिसळलेलें प्लास्टिक वापरीत. तें कांहीं वर्षांनीं आपोआप ठिसूळ होऊन हात लावतांच चुरा होतें, असा संग्राहकांचा अनुभव आहे. पतंजलीचें सोनें शंभरदां रूप पालटूनहि सोनेंच राहिलें; हें सोनें पेटींत ठेवल्या जागीं मरतें.

पांचवी कसोटी: सुरक्षितता. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें आय.एस.आय. चिन्ह असणें कायद्यानें सक्तीचें झालें. नोंदणीकृत हस्तकारागिरांस त्यांतून सूट देण्यांत आली. साध्या खेळण्यांस आय.एस. ९८७३ व विजेच्या खेळण्यांस आय.एस. १५६४४ हीं मानकें लागू आहेत. चिन्ह नसेल, तर प्लास्टिकचें खेळणें परत ठेवावें. तीन वर्षांखालील मूल ज्या घरांत आहे, तेथें सुमारें ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळींत संपूर्ण मावेल असा कोणताहि भाग त्याच्या हातीं लागूं देऊं नये. तो घशांत अडकण्याचें भय असतें. एकत्र कुटुंबांत हा धोका अधिक, कारण थोरल्याचें खेळणें धाकट्याच्या हातीं पडावयास एक दुपार पुरते. डोळे चमकणाऱ्या खेळण्यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. तिचें झांकण मळसूत्रानें घट्ट बसविलेलें आहे कीं नाहीं, हें घरांतील कर्त्यानें स्वतः पाहावें. ही बॅटरी मुलानें गिळल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिकेस गंभीर इजा होऊं शकते. तसा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय करीत न बसतां मुलास तडक इस्पितळांत न्यावें.

दोन घरांतील दोन खेळणीं

वरील कसोट्या केवळ कागदीं राहूं नयेत, म्हणून एक प्रत्यक्ष अनुभव सांगतों. आमच्या पेणच्या घरीं पुतण्यानें मुंबईहून एक महासरट आणला होता. त्याच सुमारास रोह्यास माझ्या बहिणीच्या घरीं बाजारांतून घेतलेला, किंमतीनें फार स्वस्त असा एक सिंह आला होता. दिवाळीच्या सुटींत रोह्याचीं मुलें गाडीनें पेणला आलीं, तीं सिंह घेऊनच. कासू, नागोठणें, निडी हीं मधलीं स्थानकें ओलांडतां ओलांडतां त्याचा तीनदां माणूस व तीनदां सिंह झाला होता, असें मला अभिमानानें सांगण्यांत आलें.

दोन्ही खेळणीं ओटीवर मांडून मुलांस मीं स्वतंत्र सोडलें, व जपाची माळ हातीं घेऊन नुसता पाहत बसलों. दहा वर्षांच्या नातवानें महासरटाचें रूपांतर तिसऱ्या खेपेस कागदावांचून केलें. परंतु दोन्ही रूपें साधल्यावर त्याचा उत्साह थोडा ओसरला. सहा वर्षांचा भाचेनातू रागीट. त्यानें सिंहाचा मागील पाय उलट दिशेस रेटला आणि खीळ मोडली. थोरल्या सुनेनें पितळी टांचणी कापून ती खीळ बदलली. सिंह थोडा लंगडूं लागला, पण चालूं लागला. येथें मला स्वस्त खेळण्याचा एक गुण मान्य करावा लागला: तें घरीं दुरुस्त होतें. महाग खेळण्याची झांकलेली बिजागरी उघडावयास कोणी धजलें नसतें.

सर्वांत विलक्षण खेळ आठ वर्षांच्या नातीनें केला. तिनें महासरटाचें रूपांतर मध्येंच थांबविलें. एक हात माणसाचा, एक पाय प्राण्याचा, मान अर्धी वळलेली. मग तो विचित्र जीव माझ्यापुढें धरून तिनें विचारलें, "आजोबा, हा आत्तां कोण आहे? तुम्हीं सांगा." मी म्हटलें, "तूंच सांग." ती म्हणाली, "त्याला अजून ठरवायचंय." त्या ठरत नसलेल्या जीवाची गोष्ट त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत चालली होती, आणि दोन्ही घरांचीं मुलें तींत सामील झालीं होतीं. कारखान्यानें दोन रूपें दिलीं होतीं. तिसरें तिनें दिलें. म्हणून माझ्या मतें पांचहि कसोट्यांच्या वर ही एक कसोटी ठेवावी: मुलाला ज्यांत स्वतःचें कांहीं घालतां येतें, तें खेळणें श्रेष्ठ.

मातीची गाडी व सोन्याची गाडी

किंमतीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. परदेशी खेळण्यांवरील आयातकर २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० टक्के, आणि २०२३ सालीं ७० टक्के करण्यांत आला. त्यामुळें देशी कारखान्यांस आधार मिळाला हें खरें. परंतु बाहेरून येणारा अस्सल माल महागला व नक्कल करणाऱ्यांचेंहि फावलें. एकाच घरांत एका भावाच्या मुलापाशीं महाग खेळणें व दुसऱ्याच्या मुलापाशीं नक्कल, असा प्रसंग आतां वारंवार येतो.

हा प्रसंग मृच्छकटिकांतील आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीशीं खेळेना. तेव्हां वसंतसेनेनें आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत भरले. ती करुणा पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. पण नाटक तेथें संपत नाहीं. तेच अलंकार पुढें न्यायसभेंत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा होऊन पडतात. मुलाचा हेवा वडिलांनीं सोन्यानें बुजवूं नये, असा बोध मीं तरी त्यांतून घेतला आहे. एकत्र कुटुंबास याहून चांगला मार्ग मोकळा आहे. असलें खेळणें एका मुलाचें नसावें, घराचें असावें. तें झोपाळ्याप्रमाणें किंवा कॅरमच्या फळीप्रमाणें सामाईक असावें. आणि खेळून झाल्यावर पुन्हां प्राणिरूपांत आणूनच जागेवर ठेवावयाचें, असा दंडक असावा.

ज्याचें विसर्जन होत नाहीं

पेण हें मूर्तिकारांचें गांव. हमरापूर, जोहे, कळवे या गांवांतून हजारों हात वर्षभर साच्यांत गणपति घडवितात. साचा उघडला कीं मूर्तीचा आकार मिळतो, पण तेवढ्यानें ती पुरी होत नाहीं. डोळ्यांची आखणी हातानें व्हावी लागते. खेळण्याच्या कारखान्यांतहि साचाच असतो. तो पोलादाचा असतो, व त्यांत दोनशें अंशांहून अधिक तापविलेलें प्लास्टिक मोठ्या दाबानें भरतात. पेणहून रोह्यास जातांना वाटेंत नागोठणें लागतें. तेथें १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या रसायनांच्या मोठ्या कारखान्यांत पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकांचे दाणे तयार होतात. यंत्रपुरुषाचें ए.बी.एस. हें त्यांचें चुलतभावंडच. म्हणजे एका टोकास मातीचा साचा, वाटेंत प्लास्टिकचें कोठार, आणि दोन्हीकडच्या घरांतून मुलें. हा विषय आपल्या दारापासून दूर नाहीं.

आतां पतंजलीचा दाखला पुन्हां घेऊं. त्याच्या सोन्याच्या गोष्टींत एक पायरी फार मोलाची आहे: अलंकार मोडून पुन्हां गोळा होतो. शाडूच्या गणपतीचेंहि तसेंच आहे. तो पाण्यांत जातो, माती होतो, आणि ती माती पुन्हां कोणत्याहि रूपास मोकळी असते. या यंत्रपुरुषाला मात्र ती पायरी नाहीं. तो सिंहाचा पुरुष होईल, पुरुषाचा सिंह होईल. पण मातीची माती होणार नाहीं. मुलाचें मन उडाल्यावर फेंकलेला सिंह नाल्यांतून भोगावतींत किंवा कुंडलिकेंत जाईल, आणि आपलीं पणतवंडें मोठीं झालीं तरी तो तेथेंच असेल. रूप पालटणारें हें खेळणें या एका अर्थानें मुळींच पालटत नाहीं, आणि त्याविषयींचा माझा खरा आक्षेप हाच होय. तें परदेशी आहे, त्यांत लढाई आहे किंवा त्याचें नांव उच्चारतांना जीभ अडखळते, हे आक्षेप त्यामानानें किरकोळ आहेत.

परंतु हा आक्षेप घेणाऱ्यावरच एक कर्तव्य येऊन पडतें. ज्या वस्तूचें विसर्जन करतां येत नाहीं, ती वारसानें द्यावी. पितळी डबा, सागवानी पेटी, सावंतवाडीचीं लांकडी फळें, हीं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलीं, कारण तीं टिकाऊ होतीं. प्लास्टिक त्यांहूनहि टिकाऊ आहे; तें आपण क्षणिक मानून वापरतों, यांतच सगळा अनर्थ आहे. म्हणून घरटीं दरवर्षीं चार हलकीं खेळणीं आणण्यापेक्षां चारपांच वर्षांतून एकच आणावें. तें पांचहि कसोट्यांस उतरलेलें, खिळ्यामळसूत्रांनीं उघडतां येणारें व घरीं दुरुस्त होणारें असावें. आणि थोरल्याचें मन भरल्यावर तें सन्मानानें धाकट्याकडे, तेथून मावसभावाकडे, पेणहून रोह्याकडे जावें.

निर्णय विचारलाच, तर तो असा. सर्व अंगें शाबूत ठेवून पालटणारा, कागदावांचून परत येणारा, मानक-चिन्हाचा आणि अर्ध्या रूपांतहि मुलाला गोष्ट सुचविणारा असा सिंह किंवा सरट घरांत येत असेल, तर वडील मंडळींनीं त्यास खुशाल ओटीवर जागा द्यावी. तो मुलाच्या हातास नेमकेपणा शिकवील, बुद्धीस क्रम शिकवील, आणि एकच द्रव्य अनेक रूपें कशीं घेतें हा मोठा सिद्धांत लहान बोटांस कळवील. जो यांतील एकाहि कसोटीस उतरत नाहीं, तो कितीहि स्वस्त मिळाला तरी दुकानांतच राहूं द्यावा. आणि तेवढ्या पैशांत पेणच्या एखाद्या कारखान्यांतून शाडूचा गोळा आणून मुलांपुढें ठेवावा. त्याला दोनच रूपांचें बंधन नाहीं, आणि वेष्टणांतून सूचनांचा कागदहि काढावा लागत नाहीं.